माहेर नावाचा फोल्डर

सकाळी सव्वानऊ वाजता वहिनींनी संगणक सुरू केला आणि एकही पॅटर्न उघडला नाही.

फायली जागच्या जागी होत्या. नावंही तीच होती. फक्त प्रत्येक नावाच्या शेपटीला अनोळखी अक्षरांचं एक टोक जोडलं गेलं होतं. डॉक्टरांचा कोट, नर्सचा कोट, प्रयोगशाळेचा ॲप्रन, शस्त्रक्रियेचा झगा, लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत सगळ्यांना तेच टोक. पडद्याच्या मध्यभागी सूचना होती: तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असल्यास पुढील पत्त्यावर संपर्क साधा, मुदत उलटल्यास किल्ली नष्ट होईल. भाषा सभ्य होती. शेवटी सहकार्याबद्दल आभारही मानले होते.

वहिनींनी सूचना दोनदा वाचली, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचली. मग भावाला फोन केला.

हा कारखाना रुग्णालयांचे गणवेश शिवतो. तळमजल्यावरचा एक लांब हॉल, मधोमध कापडाच्या थप्प्यांनी झाकलेलं कटिंगचं टेबल, भिंतीकडेला शिलाईची मशीनं आणि कोपऱ्यात काचेची खोली. त्या खोलीत संगणक आणि त्याला जोडलेला प्लॉटर, म्हणजे कागदाच्या रुंद गुंडाळीवर पेनाने पॅटर्न रेखाटणारं यंत्र. कारखाना दोघा भावांचा होता. थोरला वारल्यावर धाकट्याने ऑर्डरी आणि माणसं सांभाळली, थोरल्याच्या बायकोने पॅटर्न. धाकट्याला सगळे शेठ म्हणत. तिला सगळे वहिनी म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचा कटरसुद्धा. संगणक दुरुस्तीचं दुकान असलेला तिचा धाकटा भाऊ तिच्या मुलीचा मामा, म्हणून तो कारखान्याचाच मामा झाला होता.

मामा आला तोवर हॉलमधली मशीनं थांबली होती. मशीनवरच्या बायका काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"कुणी बंद-चालू केला का?"

"हात नाही लावला," वहिनी म्हणाल्या.

त्याने आधी इंटरनेटची वायर उपटली. मग संगणकाच्या मागे हात घालून जराशी धूळ झटकली आणि थांबला. प्रती ठेवायची बाहेरची डिस्क तिथेच लटकत होती, रबरबँडने वायरला बांधलेली. तिच्यातल्या फायलींनाही तीच शेपटी होती.

"ताई, ही रोज काम झालं की काढून कपाटात ठेवायची असं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं," कटर दारातून म्हणाला. "माझं सिगरेट सोडायचंही ठरलं होतं."

कुणी हसलं नाही. कटरलाच ओशाळल्यासारखं झालं आणि तो टेबलाकडे परतला.

मामाने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि आतली डिस्क तपासायला लावली. तासाभराने गुन्हेगार सापडला. तो 'माहेर' नावाच्या फोल्डरमध्ये होता.

या फोल्डरला ते नाव शेठने दिलं होतं. पॅटर्नचं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. सॉफ्टवेअर चालायला संगणकात खोचून ठेवावी लागणारी छोटी लॉकची कांडी मोडली, तेव्हा मामाने एक फाइल बदलून कांडीशिवाय ते चालतं केलं. अँटिव्हायरसला ही फाइल चोराची वाटे. तो ती दररोज गिळायचा आणि दररोज सकाळी काम अडायचं. शेवटी मामाने अँटिव्हायरसला सांगून टाकलं की या एका फोल्डरकडे बघायचंच नाही. नवं सॉफ्टवेअर घेईपर्यंत, चार दिवसांची सोय.

"म्हणजे इथे काहीही आणा, कुणी विचारणार नाही?" शेठने तेव्हा विचारलं होतं. "वहिनी, हे तर तुमचं माहेरच झालं. तुमच्या भावानेच बांधलंय."

नाव चिकटलं. चार दिवसांची चार वर्षं झाली. आणि माणसांना एक गोष्ट आपसूक कळली. बाहेरून आलेली एखादी फाइल अँटिव्हायरसने अडवली की ती उचलून माहेरात टाकायची. तिथे उघडते. शेठ ग्राहकांची पत्रकं तिथे टाकून उघडायचा. हिशेब बघणारी मुलगी गाणी तिथे उतरवायची. दर वेळी निरुपद्रवीच निघालं, काही बिघडलं नाही. त्यामुळे अँटिव्हायरस म्हणजे उगीच किरकिर करणारी सासू, असं सर्वांचं मत पक्कं झालं. पडद्यावर लाल अक्षरं आली की अडलेल्या फाइलकडे बघून कुणीतरी ओरडायचं, "पाठवा हिला माहेरी!"

फाइलचं नाव होतं 'मापांची सुधारित यादी'. रुग्णालयाच्या नावाने आलेल्या पत्राला ती जोडलेली होती.

"कुणी टाकली ही इथे?" मामाने विचारलं.

"मी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "काल दुपारी. यादीची वाटच बघत होते. उघडेना, म्हणून माहेरात टाकली."

"आणि?"

"आणि काही झालं नाही. रिकामीच होती. म्हटलं, चुकून पाठवली असेल. उद्या फोन करू."

एव्हाना येऊन बसलेला शेठ खुर्चीवरून उठला. आवाज न चढवता बोलायची त्याची पद्धत होती, कारखान्यात सगळे त्या पद्धतीलाच जास्त घाबरत.

"म्हणजे भावाने दार उघडं ठेवलं आणि बहिणीने पाहुणा आत घेतला. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं."

"शेठ, त्या दारातून तुम्हीही रोज ये-जा करत होता," मामा म्हणाला.

"मी संगणकवाला आहे का? मला कुणी सांगितलं होतं त्यात धोका आहे म्हणून?"

मामाने सांगितलं होतं, पण चहा पिता पिता, हसत, आणि त्याच दमात स्वतःच माहेराचा विनोदही केला होता.

पुढे खंडणीचा विषय निघाला. वहिनी म्हणाल्या, देऊन टाकू, माझं सोनं आहे. मामा म्हणाला, दिलं तरी किल्ली मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळालीच तर पुढच्या वर्षी हेच लोक पुन्हा दारात उभे राहतील. शेठने मामाची बाजू घेतली.

"एक छदामही द्यायचा नाही. गेलं ते गेलं."

"भावजी, वीस वर्षांचं काम आहे ते," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही खूप केलंत. आता तयार पॅटर्न विकत मिळतात. डोळेही त्रास देतायत तुम्हाला. जरा घरी आराम करा."

मामाला त्या वेळी शेठचा शहाणपणा आवडला. एवढं नुकसान होऊनही माणूस शांत आहे, याचं त्याला कौतुक वाटलं. हे त्याने घरी बायकोला बोलूनही दाखवलं. बायको म्हणाली, "ज्याचं जळतं तो बोंबलतो. हा का नाही बोंबलला?" मामाने तिला गप्प केलं.

साफसफाईला दोन दिवस लागले. मामाने संगणकात नवी डिस्क बसवली, सगळं मुळापासून नव्याने घातलं, सगळे पासवर्ड बदलले. हिशेबाच्या आणि गोदामाच्या संगणकांची तपासणी केली, तिथे काही सापडलं नाही. नवं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं. अँटिव्हायरसमध्ये एकही सवलत ठेवली नाही. प्रतींसाठी दोन डिस्का आणल्या. एक सदैव कपाटात राहील आणि आळीपाळीने बदलली जाईल, असा नियम कागदावर लिहून भिंतीला लावला. बैल गेला आणि झोपा केला, एवढंच या सगळ्याचं मोल होतं. विषाणू निघाला होता. कुलूप राहिलं होतं.

जुनी डिस्क त्याने पुसली नाही. अशा कुलपांच्या किल्ल्या कधीकधी बाहेर येतात. एखादी टोळी पकडली जाते, एखादा अभ्यासक कुलपातली खोट शोधून ती लोकांसाठी जाहीर करतो. डिस्क फडक्यात गुंडाळून त्याने दुकानातल्या कपाटात ठेवली आणि जमेल तेव्हा तिच्यात एखादी जुनी, पुसलेली, कुलपातून सुटलेली प्रत मिळते का ते धुंडाळू लागला.

प्रत मिळाली नाही. दुसरंच काही मिळालं. संगणकाला कोणती डिस्क केव्हा जोडली याची खूण संगणक स्वतःजवळ ठेवतो, आणि त्या डिस्कवरचा कोणता फोल्डर उघडला याचीही. हल्ल्याच्या आधीच्या महिन्यात, कारखान्याच्या सुटीच्या दिवशी, एक अनोळखी डिस्क जोडली गेली होती. तिच्यावर वहिनींच्या पॅटर्नचा अख्खा फोल्डर, त्याच नावाने, त्याच पोटफोल्डरांसह, उघडून पाहिला गेला होता. आधी तो तिथे उतरवल्याशिवाय तिथे उघडणं शक्य नव्हतं.

म्हणजे पॅटर्न गेले नव्हते. ते कुठेतरी होते.

मामा बहिणीच्या घरी गेला. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती.

"ताई, कारखान्याच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"माझ्याकडे आणि भावजींकडे. का?"

त्याने सांगितलं. तिने गॅस बंद केला. बराच वेळ ओट्यावरचा एकच डाग पुसत राहिली.

"प्रत करून ठेवली असेल काळजीने," ती म्हणाली. "विसरले असतील."

"विसरले?"

"तू गप्प बस. मी विचारते."

दुसऱ्या दिवशी तिने कटिंगच्या टेबलापाशी, सगळ्यांसमोर विचारलं. त्याला एकट्याला गाठून विचारायला हवं होतं, असं मामाला नंतर वाटलं.

"भावजी, सुटीच्या दिवशी तुम्ही पॅटर्नची प्रत घेतली होतीत का?"

"मी?" शेठने हातातला टेप गळ्यात टाकला. "कुणी सांगितलं?"

"संगणकात खूण आहे."

"कुणी पाहिली ती खूण? तुमच्या भावाने?" तो हसला, तेही खालच्या आवाजात. "वहिनी, त्या माणसाने आधी व्हायरस सोडला, आता वावड्या सोडतोय. उद्या म्हणेल, कुलूपही मीच लावलं. स्वतःवरचा डाग दुसऱ्याच्या कपड्याला पुसायचा, एवढंच चाललंय."

"मग ती डिस्क कुणाची?"

"कुठली डिस्क?"

मशीनं चालूच होती. बायकांनी माना वर केल्या नाहीत. कटर कापडावर खडूने आधीच मारलेली रेघ पुन्हा मारत होता.

त्या आठवड्यात संगणकाचा पासवर्ड बदलला गेला. तो वहिनींना सांगण्यात आला नाही. विचारल्यावर हिशेबाची मुलगी म्हणाली, "सुरक्षेसाठी, वहिनी. मामांनीच सांगितलं होतं ना, पासवर्ड वरचेवर बदला म्हणून?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.

वहिनी मग घरीच राहू लागल्या. डोळ्यांची तपासणी बरेच दिवस लांबणीवर पडली होती, ती तरी करून घेऊ म्हणून मामा त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. बाहुल्या मोठ्या करण्यासाठी नर्सने डोळ्यांत औषध घातलं आणि त्यांना मिटल्या डोळ्यांनी बाकावर बसवलं. थोड्या वेळाने ती दुसऱ्यांदा थेंब घालायला आली. एका हाताने तिने वहिनींची हनुवटी वर केली आणि दुसरा, बाटलीचा हात, उंच धरला. वहिनींच्या गुडघ्याला टेकलेली कोटाची कड वर सरकली नाही.

साधा कोट हात उचलल्यावर कमरेपासून वर ओढला जातो. वहिनी काखेत पतंगाच्या आकाराचा एक जोडतुकडा घालत, त्यामुळे हात कितीही वर गेला तरी कोट जागचा हलत नसे. त्यांच्या कोटांना मागणी होती ती यासाठी. पण असा तुकडा कुणीही बघून घालू शकतं. वहिनींना ते माहीत होतं.

"ताई, तुमचं माप मोठं का हो?" त्यांनी नर्सला विचारलं.

"सगळ्यात मोठं," नर्स हसली. "दिसतंय ना?"

"दिसत नाहीये काही. तुम्हीच तर औषध घातलंत. रागवू नका, पण एकदा डावा हात वर करता का? आणि मग उजवा?"

नर्सने मामाकडे पाहिलं. मामाने खांदे उडवले. नर्सने हात वर केला. वहिनींनी चाचपडत काखेतली शिवण शोधली आणि बोटाच्या पेरांनी तुकडा मोजला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"गुदगुल्या होतात हो," नर्स म्हणाली. "झालं का?"

"झालं. कुठून आले हे कोट?"

"या महिन्यात नवीन आलेत. कुणी नवा पुरवठादार आहे म्हणे. चांगले आहेत, हात मोकळा राहतो. डावा तर जास्तच."

बाहेर पडल्यावर मामाने विचारलं, काय झालं. वहिनी डोळ्यांवर रुमाल धरून चालत होत्या. औषधामुळे ऊन सोसवत नव्हतं.

एक चूक होती, त्या म्हणाल्या. फार जुनी. संगणकावर काम करताना त्या उजवी बाजू काढत आणि आरशासारखी उलटवून डावी तयार करत. सगळ्यात मोठ्या मापात एकदा उजवा तुकडा थोडा अरुंद केला आणि डावी बाजू पुन्हा उलटवायची राहिली. डावा तुकडा अर्धं बोट रुंदच राहिला. कटरने पहिल्याच खेपेला दाखवलं होतं, वहिनी, डावीकडे कापड जास्त जातंय. पण गिऱ्हाइकांकडून तक्रार आली नाही, आणि मग मुद्दाम बदलण्यात अर्थ वाटला नाही. कोट बघून कुणी नक्कल केली असती तर दोन्ही बाजू सारख्या केल्या असत्या. चूक उचलायला मूळ फाइलच लागते.

"नक्की ना? डोळ्यांत औषध होतं तुझ्या."

"हातात नव्हतं," त्या म्हणाल्या.

मामाने नव्या पुरवठादाराचा पत्ता काढला आणि दुकानाच्या नावाने सगळ्यात मोठ्या मापाचा एक कोट मागवला. पुरवठादाराच्या पाटीवर शेठचं नाव नव्हतं. त्याच्या मेहुण्याचं होतं.

कोट आला त्या दिवशी भाऊ-बहीण दोघेही कारखान्यात गेले. वहिनींनी कोट उलटा करून कटिंगच्या टेबलावर पसरला, दोन्ही बाह्या बाजूला केल्या.

"भावजी, हा कोट बघा."

शेठने बघितला. "सुबक शिवलाय. कुणाचा?"

"तुमच्या मेहुण्यांचा. पॅटर्न माझा आहे."

"कशावरून?"

"डावा तुकडा मोजा."

शेठने टेप हातात घेतला नाही. "वहिनी, मी मोजला तर म्हणाल मी खोटं सांगतो. मामांनी मोजला तर मी म्हणेन. कटरकाका, तुम्ही मोजा. तुमच्या हातून इतके कोट गेलेत."

वहिनींना हायसं वाटलं, हे मामाने पाहिलं. त्यांनी टेप स्वतः कटरच्या हातात दिला.

कटरने चष्मा लावला. उजवा तुकडा मोजला. डावा मोजला. कापड सपाट करून डावा पुन्हा मोजला, मग तळहाताने त्यावरून दोनदा हात फिरवला, सुरकुती नसतानाही.

"काय काका?" शेठने विचारलं.

"शिवताना कापड ओढलं जातं," कटर म्हणाला. "एखाद्या सुताचा फरक पडतोच."

"एखाद्या सुताचा?" वहिनी म्हणाल्या. "काका, पहिल्यांदा तुम्हीच मला दाखवला होतात हा फरक."

"वय झालं, वहिनी. सगळं कुठे लक्षात राहतं?" त्याने टेपची गुंडाळी केली, नेहमीपेक्षा जास्त घट्ट. "माझ्या सुनेलाही मेहुण्यांच्या नव्या युनिटात घेतलंय," तो म्हणाला. ते कुणाला उद्देशून होतं, हे कळलं नाही.

कोट कागदात गुंडाळून दोघे निघाले. दाराजवळच्या भिंतीवर मामाने लावलेला नियमांचा कागद होता: अनोळखी फाइल उघडू नये, प्रतींची डिस्क जोडून ठेवू नये, शंका आल्यास विचारावे. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'माहेरी विचारावे'.

रस्त्यावर मामा म्हणाला, "तक्रार करू. ती डिस्क सापडली तर सिद्ध होईल."

"आणि तक्रारीत काय लिहिशील? चोरीचं सॉफ्टवेअर कुणी चालवलं, अँटिव्हायरसला डोळे मिटायला कुणी सांगितलं, फाइल कुणी आत घेतली, हे आधी लिहावं लागेल ना?"

मामा चालता चालता थांबला. त्या थांबल्या नाहीत.

"ते चोर आहेतच," त्या म्हणाल्या. "पण पॅटर्न माझेच असल्याचा पुरावा आपण कुठे ठेवलाय बघ. त्यांच्याकडे."

तक्रार अजून दाखल झालेली नाही. मामा सोमवारी दुकान उघडलं की आधी किल्ल्या जाहीर होणारं संकेतस्थळ बघतो. त्या शेपटीची किल्ली आजवर आलेली नाही. डिस्क कपाटात आहे. त्याच्या दुकानात येणारी माणसं अँटिव्हायरस फार अडवतो म्हणून सवलत मागतात, तेव्हा तो नाही म्हणतो. मग ती शेजारच्या दुकानात जातात आणि तिथे त्यांना ती मिळते.

वहिनींनी जेवणाच्या टेबलावर कागद अंथरून हाताने पॅटर्न काढायला घेतले आहेत. भिंगाचा दिवा मामाने आणून दिला. मुलगी म्हणते, आई, कुणासाठी काढतेस? त्या म्हणतात, हात चालू राहायला हवा. लहान मापं झाली, मधली झाली. सगळ्यात मोठ्या मापाचा कोट गेल्या आठवड्यात सुरू केला. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, बाह्या झाल्या, उजव्या काखेचा तुकडा झाला.

डाव्या काखेच्या तुकड्यासाठी, अर्धं बोट रुंद धरला तरी पुरेल एवढा, कागद कापून ठेवलेला आहे. त्यावर अजून रेघ मारलेली नाही.